कामाचा सातबारा

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरात एक पिशवी असतेच. कापडी असेल, बियाण्याच्या दुकानातून आलेली असेल, नाहीतर कुणाच्या लग्नात मिळालेली. तिच्यात सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल, पासबुक, सोसायटीचा बेबाकी दाखला, पीक विम्याची पावती. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा दारातून हाक मारते, "बँकेत चाललास ना, मग पिशवी घे." नुकसान झालं की ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवायचं, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ झालं होतं. जमीन आपली आहे हे सगळ्या गावाला माहीत असतं, पण कागदावर नसेल तर ती नसल्यातच जमा, हे या भागाने फार महागात शिकून घेतलं आहे.

त्याच घरातला मुलगा किंवा मुलगी आठ-दहा वर्षं कॅमेरा चालवते, एडिटिंग करते, साउंड घेते. त्या आठ-दहा वर्षांचा एकही कागद त्या पिशवीत सापडत नाही.

सिनेमा-टीव्हीच्या कामात फ्रीलान्स असलेल्या माणसाला पुढचं काही शिकायचं असतं आणि त्यासाठी निधी मागायचा असतो, तेव्हा अर्ज बहुतेक याच जागी अडतो. हातात कसब असतं. पण कसबाचा पुरावा नसतो, आणि समितीला माणूस दिसत नाही, तिला फक्त कागद दिसतो. हे मला मनापासून लागतं, कारण हा दोष सुधारता येण्यासारखा आहे.

इथलं काम एकदा नीट डोळ्यांसमोर आणू. लातुरात नीट-जेईईच्या क्लासेसची व्हिडिओ लेक्चर्स शूट होतात. बीड, परभणी, हिंगोलीकडे सप्ताहातली कीर्तनं यूट्यूबसाठी तीन-चार कॅमेऱ्यांवर घेतात. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांना सेफ्टी फिल्म लागतात. तुळजापूरच्या नवरात्रात लाइव्ह, निवडणुकीत प्रचाराचे व्हिडिओ, वेरूळ-अजिंठ्याला बाहेरून आलेल्या युनिटसोबत दुसरा कॅमेरा, आणि वर्षाचं पोट भरतं ते लग्नाच्या ऑर्डरींवर. यातलं बहुतेक काम फोनवर ठरतं, पैसे रोख नाहीतर यूपीआयने येतात, आणि व्हिडिओच्या शेवटी नाव लागतं ते चॅनेलचं किंवा स्टुडिओचं. सात दिवस रात्री दीडपर्यंत मंडपात उभं राहून ज्याने साउंड सांभाळला, त्याचं नाव कुठेच येत नाही.

ब्रिटनमध्ये स्क्रीनस्किल्स नावाची संस्था आहे. तिथल्या मोठ्या टीव्ही मालिका आपल्या निर्मितीखर्चातला छोटा वाटा कौशल्यनिधीत टाकतात, आणि त्या पैशातून फ्रीलान्स मंडळींच्या प्रशिक्षणाला हातभार लागतो. ज्या धंद्याला तयार माणसं लागतात, त्यानेच शिकवण्याचा खर्च उचलायचा, हे मला अगदी न्यायाचं वाटतं. आपल्याकडे अशी एक खिडकी नाही. राज्य शासनाचं मराठी चित्रपटांचं अनुदान निर्मात्याला मिळतं, तेही चित्रपट पूर्ण होऊन त्याचं परीक्षण झाल्यावर. कॅमेरा असिस्टंटच्या शिकण्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून इथे गोधडीसारखं करावं लागतं: एक तुकडा इकडचा, एक तिकडचा, आणि टाके आपण घालायचे.

तुकडे कुठे मिळतात ते सांगतो. पण आधी एक भेद मनात पक्का हवा. काही पैसा शिकण्यासाठी असतो, काही पैसा एखादा प्रकल्प करण्यासाठी असतो, आणि काही पैसा यंत्रं घेण्यासाठी असतो. एका जातीचा पैसा दुसऱ्या कामासाठी मागितला की अर्ज कितीही सुंदर असला तरी पहिल्याच चाळणीत जातो. फेलोशिपच्या अर्जात कॅमेऱ्याचं कोटेशन आणि बँकेच्या अर्जात कोर्सची फी, असं सर्रास होतं.

शिकण्यासाठी पाहायचं तर एनएफडीसी आहे, म्हणजे १९७५ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ. त्यांची पटकथा लेखकांसाठी लॅब असते. गोव्याच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, २०२१ पासून 'क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमॉरो' या उपक्रमासाठी तरुणांची निवड होते. पहिल्या वर्षी ७५ जण घेतले, २०२४ मध्ये संख्या वाढवून १०० केली. वयाची अट ३५ पर्यंतची. छायाचित्रण, संकलन, पटकथा, वेशभूषा अशा विभागांत अर्ज घेतात, आणि निवड झालेल्यांनी गटात ४८ तासांत लघुपट करायचा असतो. तिथे पैसे मिळतात म्हणून नव्हे, तर पुढच्या सगळ्या अर्जांत ती एक ओळ वजनदार होते म्हणून अर्ज करावा. पुण्याच्या एफटीआयआयने २०१७ पासून देशभर छोटे कोर्स न्यायला सुरुवात केली. पूर्वी प्रभातच्या आवारात तीन वर्षं राहिल्याशिवाय ज्याचं तोंड दिसत नव्हतं, ते आता काही दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या कोर्सात थोडं थोडं मिळतं. फी मात्र आपणच भरायची असते, आणि खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

प्रकल्पासाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची फेलोशिप आहे. कनिष्ठ फेलोशिप २५ ते ४० वयाची, महिना १०,००० रुपये, दोन वर्षं. ज्येष्ठ फेलोशिप ४० च्या पुढची, महिना २०,०००. दोन वर्षांचे कनिष्ठचे २,४०,००० होतात, पण ते महिन्याच्या पगारासारखे येत नाहीत. सहामाही हप्त्यांनी येतात आणि मधले हप्ते अहवालावर अवलंबून असतात. हा पैसा संस्कृतीविषयक अभ्यासासाठी आहे. "मला कलर ग्रेडिंग (दृश्यांच्या रंगांचं काम) शिकायचं आहे" हा त्याचा विषय होऊ शकत नाही. "गोंधळ्यांच्या रात्रीच्या विधीचं ध्वनी आणि दृश्य दस्तऐवजीकरण" हा होऊ शकतो, आणि ते करताना जे शिकलं जातं ते आपलंच. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ साली स्थापन झालेली संस्थाही संशोधन आणि कलाप्रकल्पांना निधी देते. तिच्याकडे भारतीय भाषांत प्रस्ताव पाठवता येतो, हे आपल्याकडच्या फार थोड्यांना ठाऊक आहे. इंग्रजी येत नाही म्हणून कितीतरी जण फॉर्म उघडतच नाहीत. इथे मराठीत लिहा, आणि चांगल्या मराठीत लिहा.

बार्टी, सारथी, महाज्योती, अमृत या राज्याच्या संस्था आपापल्या समाजघटकांसाठी प्रशिक्षणं चालवतात. त्यांची यादी वर्षागणिक बदलते, त्यामुळे जाहिरात स्वतः वाचायची, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबायचं नाही. इथे चित्रपटापेक्षा जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर यांच्या तारखा अर्जाचं भवितव्य ठरवतात. उत्पन्नाचा दाखला मुदतीत आहे का, हे जाहिरात निघण्याआधी पाहून ठेवावं. जाहिरात निघाल्यावर सेतू केंद्रावर गर्दी होते आणि दहा दिवस तिथेच जातात.

यंत्रांसाठी कर्ज. मुद्रा योजनेत शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, सेवा क्षेत्रातला प्रकल्प २० लाखांपर्यंत जातो आणि अनुदान १५ ते ३५ टक्के. ग्रामीण भागात आणि विशेष प्रवर्गाला, ज्यात महिलाही येतात, ते जास्त मिळतं. इथे दोन गोष्टींत लोक फसतात. पहिली, पीएमईजीपीचं पहिलं कर्ज नव्या उद्योगाला असतं. आधीच चालू असलेला स्टुडिओ दाखवून अर्ज केला की तो अपात्र ठरतो. दुसरी, अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं मुदत ठेवीसारखं राहतं, प्रत्यक्ष पाहणी झाल्यावर कर्जात वळतं होतं. "पस्तीस टक्के मिळाले की त्यातून कोर्स करीन" असं गणित मांडणारा मधेच कोंडीत सापडतो. आणि कॅमेरा आधी उधारीवर घेऊन नंतर कोटेशन जोडणं तर अजिबात चालत नाही. कोटेशन, मंजुरी, खरेदी, हाच क्रम.

कर्जासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, लागते. ती आधार क्रमांकावर, मोफत होते. तिचे पैसे घेणाऱ्याकडे जायचं कारण नाही. नोंदणी करताना व्यवसायाचा कोड नीट निवडावा. फोटोग्राफीचा कोड ७४२० आहे, चित्रपट-व्हिडिओ निर्मितीचा ५९११, पोस्ट-प्रॉडक्शनचा ५९१२ आणि ध्वनिमुद्रणाचा ५९२०. लग्नाच्या दिवसांत घाईने फक्त ७४२० टाकलेला असतो आणि दोन वर्षांनी माणूस साउंड रेकॉर्डरसाठी कर्ज मागतो. मग बँकेतला माणूस विचारतो, तुमचा धंदा फोटोचा, हे यंत्र कशाला? एकाहून जास्त कोड टाकता येतात. पहिल्याच दिवशी टाकावेत.

आता खर्चाच्या तक्त्याकडे येतो, कारण अर्जातलं सगळ्यात प्रामाणिक पान तेच असतं. फ्रीलान्सर फीचा आकडा लिहून थांबतो, आणि तिथेच स्वतःवर अन्याय करतो. पुण्यात १५ दिवसांचा लोकेशन साउंडचा खासगी कोर्स धरू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण मांडणी अशीच हवी. फी २०,०००. खासगी कोर्सवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,६००, आणि जाहिरातीत तो बारीक अक्षरात असतो. १६ रात्रींची खोली, ७०० रुपयांनी, ११,२००. जेवण दिवसाला ३५०, १६ दिवसांचे ५,६००. लातूर-पुणे येणं-जाणं १,४००. पुण्यातला रोजचा प्रवास १२० प्रमाणे १,८००. झाले ४३,६००. शिवाय त्या पंधरवड्यात बुडालेल्या सहा शिफ्ट, अडीच हजारांनी, १५,०००. एकूण ५८,६००. फी आहे एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला त्याच कोर्सला साधारण फी आणि बसभाडं लागतं. अंतराची किंमत ही अशी असते, आणि ती तक्त्यात स्पष्ट मांडणं म्हणजे दया मागणं नव्हे.

बुडालेली रोजी बहुतेक योजना देत नाहीत. तरीही ती ओळ ठेवावी आणि समोर "अर्जदाराचा वाटा" असं लिहावं. देणाऱ्याला त्यातून कळतं की हा माणूस स्वतःचे १५,००० घालतो आहे. नुसत्या "मी खूप उत्सुक आहे" या वाक्यापेक्षा त्या ओळीचं वजन जास्त. मुलींनी आणि बायांनी सुरक्षित राहण्याचा खर्च, लहान मूल असेल तर त्याला सांभाळण्याचा खर्च संकोच न करता लिहावा. गावाकडून एकटी पुण्याला जाणारी एडिटर स्वस्त खोलीवर राहू शकत नाही, तिला वसतिगृह किंवा ओळखीचं घर लागतं. तो फरक दोन-चार हजारांचा असतो आणि अनेकींचं शिकणं नेमकं त्याच दोन-चार हजारांवर थांबतं. योजनेत तशी सोय नसेल तर मागणीपत्रात एक ओळ लिहून विचारावं. विचारल्याने अर्ज बाद होत नाही.

वेळ निवडण्यातही पैसा आहे. आषाढी ते कार्तिकी लग्नं नसतात. लग्नावर पोट असलेल्याने कोर्स त्या चार महिन्यांत बसवला तर बुडालेली रोजी अर्ध्यावर येते. कीर्तनाचं काम करणाऱ्याला मात्र श्रावण गाळावा लागतो, आणि तुळजापूर करणाऱ्याला घटस्थापनेच्या आधी परत यावं लागतं. अर्जात "जुलैचा दुसरा पंधरवडा, कारण या काळात माझं काम कमी असतं" असं लिहिलेलं असलं की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

आता तो प्रश्न, जो प्रत्येक फॉर्मवर वेगवेगळ्या शब्दांत येतो: हे प्रशिक्षण तुम्हाला का हवं? उत्तरं बहुतेक एका छापाची असतात. लहानपणापासून आवड, कुटुंबाची परिस्थिती, मोठं स्वप्न. त्यातलं सगळं खरं असतं. पण ते दुसऱ्या कुणाच्याही अर्जाला जोडता येतं, आणि म्हणून ते कुणाचंच राहत नाही. समितीला तीन गोष्टी हव्या असतात: काम कुठे अडलं, या कोर्सातला कोणता भाग ते सोडवतो, आणि सुटल्यावर कोणतं काम, कुणाकडून मिळेल.

कीर्तनाचंच घ्या. महाराज अभंगाचं चरण जवळजवळ कुजबुजत म्हणतात आणि पुढच्या क्षणी आवाज चढतो, त्याच वेळी पखवाज आणि वीस-पंचवीस टाळ सुरू होतात. मंडपवाल्याच्या मिक्सरमधून एकच वायर घेतली की आवाज फाटतो, कारण तो मिक्सर मंडपातल्या माणसांसाठी लावलेला असतो, रेकॉर्डिंगसाठी नाही. लेव्हल खाली घ्यावी तर कुजबुज ऐकू येत नाही. फाटलेला आवाज एडिटमध्ये नीट होत नाही, त्यामुळे पूर्ण दिवसाचं कीर्तन वाया जातं. आता अर्जातलं उत्तर असं होतं: "सप्ताहाच्या रेकॉर्डिंगमध्ये मी मिक्सरचा एकच ट्रॅक घेतो. टाळ सुरू झाले की तो क्लिप होतो. मला महाराजांच्या कपड्याला लावलेला लेपल माइक, मिक्सरचा फीड आणि मंडपातला माइक असे वेगळे ट्रॅक ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घ्यायला आणि नंतर मिक्स करायला शिकायचं आहे. या कोर्सच्या दुसऱ्या आठवड्यात मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग आहे. त्यानंतर मी सात दिवसांच्या सप्ताहाचं काम वेगळ्या ट्रॅकसह देऊ शकेन." यात गरिबी नाही, स्वप्न नाही. पण वाचणाऱ्याला मंडप दिसतो आणि अडचण कळते.

या प्रश्नाला एक जोडप्रश्न असतो आणि तो बरेचदा फॉर्मवर छापलेला नसतो: हे फुकट शिकता येत नाही का? एडिटिंग आणि कलर ग्रेडिंगच्या दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती आहे, कंपनीची प्रशिक्षण-पुस्तकंही मोफत उतरवून घेता येतात. कलर ग्रेडिंगच्या कोर्ससाठी पैसे मागणाऱ्याने ते आधी वापरलेलं असावं आणि अर्जात लिहावं, की एवढं मी स्वतः केलं, आणि इथून पुढे कॅलिब्रेट केलेल्या मॉनिटरसमोर कुणीतरी शेजारी बसून चूक दाखवणारं हवं. ड्रोनच्या बाबतीत उत्तर आणखी सोपं. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार व्यावसायिक कामाला, अगदी छोटे नॅनो ड्रोन सोडले तर, रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेतल्याशिवाय मिळत नाही. जिथे कायदाच शिकायला सांगतो तिथे निधीची गरज पटवायला एक ओळ पुरते.

आता पुन्हा त्या पिशवीकडे. कामाचा पुरावा अर्जाच्या आठवड्यात तयार होत नाही, तो दोन-तीन वर्षं आधीपासून साठवावा लागतो. सुरुवात बिलापासून. काम छोटं असो, मोठं असो, बिल द्यायचं: अनुक्रमांक, तारीख, आपलं नाव, पॅन, काम देणाऱ्याचं नाव-पत्ता, कामाचं वर्णन, दिवस, दर, बँक खातं. वर्णनात "शूटिंग" असं मोघम लिहू नये. "दोन कॅमेरा शूट, कॅमेरा ऑपरेटर, ३ दिवस, उदगीर" असं लिहावं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सक्ती साधारणपणे नसते, आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नसतो. बिल द्यायला जीएसटी लागतो या गैरसमजाने कितीतरी जण बिलच देत नाहीत.

कंपनीने किंवा चॅनेलने पैसे देताना टीडीएस कापला की मंडळी हळहळतात. खरं तर ती फार मोलाची नोंद असते. तो कापलेला कर आयकर खात्याच्या २६एएस या वार्षिक करनोंदीत दिसतो, पैसे देणाऱ्याच्या नावासकट, रकमेसकट. आपण काम केलं हे आपण सांगणं वेगळं आणि सरकारच्या नोंदीत तिसऱ्याच्या नावाने असणं वेगळं. फ्रीलान्सरच्या कामाच्या सातबाऱ्याच्या जवळपास जाणारा हाच एक कागद आहे. उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरावं. कापलेले पैसे परत मिळतात आणि तीन वर्षांची विवरणपत्रं बँकेपासून फेलोशिपपर्यंत सगळीकडे उपयोगी पडतात. रोख मिळालेले पैसे त्याच आठवड्यात खात्यात भरावेत, बिलाचा क्रमांक पावतीच्या मागे लिहून.

क्लासचं किंवा कारखान्याचं काम बाहेर दाखवता येत नाही, कारण ते त्यांच्या मालकीचं असतं. अशा ठिकाणी काम संपतानाच लेटरहेडवर चार ओळी मागाव्यात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणतं काम, किती व्हिडिओ. सहा महिन्यांनी मागितलं तर तिथला माणूस बदललेला असतो. फोनवर ठरलेलं काम व्हॉट्सअॅपवर एका संदेशात लिहून पाठवावं आणि समोरच्याचा "ओके" येऊ द्यावा. आणि एक वही किंवा शीट ठेवावी, रोज एक ओळ: तारीख, ठिकाण, भूमिका, यंत्र, कुणासाठी. अर्जात "सुमारे शंभर प्रोजेक्ट" लिहिणाऱ्यापेक्षा "२०२३-२४ मध्ये ६१ दिवस, त्यातले २२ दिवस लोकेशन साउंड" लिहिणाऱ्याकडे समिती दुसऱ्यांदा बघते.

शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामाची चित्रफीत, दोन मिनिटांची पुरते. पहिल्या वीस सेकंदांत सगळ्यात चांगलं काम यायला हवं, आणि प्रत्येक तुकड्यावर आपण काय केलं ते लिहायला हवं. साउंडवाल्याच्या शोरीलमध्ये ड्रोनची दृश्यं आणि वरून कुणाचं तरी संगीत, हे नेहमी दिसतं. त्यात साउंडवाल्याचं काम कुठे आहे? त्याने आधीचा फाटका आवाज आणि नंतरचा सुधारलेला आवाज दहा-दहा सेकंद ऐकवावा. लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडते का ते पाहावं. ड्राइव्हची परवानगी बंद राहिल्यामुळे चांगले अर्ज गेलेले आहेत, आणि समिती फोन करून लिंक मागत नाही.

नावाचा घोळ हा आपल्याकडचा खास रोग. आधारवर जाधव इंग्रजीत एका स्पेलिंगने, दहावीच्या प्रमाणपत्रावर शेवटी ओ लावून. चव्हाणचं तेच, शेखचं तेच. कुठे वडिलांच्या नावामागे राव, कुठे नाही. आधार, पॅन, पासबुक आणि उद्यम या चारही ठिकाणी अक्षर न अक्षर सारखं हवं. दुरुस्तीला आठवडे लागतात, तेव्हा हे काम आजच करावं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना तर हा फेरा दुप्पट पडतो, आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सोबत नसेल तर मंजूर झालेला निधीही अडकू शकतो.

शिफारसपत्र मोठ्या माणसाचं हवं असा हट्ट नको. ज्याने आपल्याला काम करताना पाहिलं आहे त्याचं हवं. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातल्या सरांनी प्रयोगाचा साउंड करताना पाहिलं असेल तर त्यांचं पत्र आमदाराच्या पत्रापेक्षा कामाचं. सरांना नुसतं "पत्र द्या" म्हणू नये. अर्जाचा मसुदा, कोर्सचं नाव आणि आपण त्यांच्यासमोर केलेल्या दोन कामांची आठवण लिहून द्यावी, निदान पंधरा दिवस आधी.

शेवटच्या दिवसाचा भरवसा धरू नये. पोर्टल अडकतं, आणि वादळी पावसात गावाकडची लाइट गेली की ती सकाळीच येते. पीडीएफची साइज आधी कमी करून ठेवावी. अर्ज दाखल झाल्यावर येणारा क्रमांक आणि पावती जपून ठेवावी.

आणि मंजुरीच्या आधी कोर्स सुरू करू नये. मंजुरीआधी होऊन गेलेल्या खर्चाला बहुतेक ठिकाणी पैसे मिळत नाहीत. अडचण अशी की मंजुरीनंतरही अनेक योजना आधी खर्च करा, मग बिलं दाखवून घ्या, अशा असतात. ४३,६०० रुपये दोन-तीन महिने अडकवून ठेवायची ताकद इथल्या किती जणांत असते? हा त्या योजनांचाच दोष आहे असं मी ठामपणे म्हणेन. तोवर मार्ग एवढाच की फी हप्त्याने घेता का हे संस्थेला लेखी विचारायचं, निधी देणाऱ्याला पहिला हप्ता आगाऊ मागायचा, आणि बचत गट किंवा पतसंस्थेतून मधल्या महिन्यांची सोय करायची. मंजुरीपत्र हातात असलं की पतसंस्थेतही बोलणं सोपं जातं. खासगी सावकाराकडे मात्र शिकण्यासाठी जाऊ नये.

पैसे आल्यावर विनियोग प्रमाणपत्र द्यावं लागतं, म्हणजे कशावर किती खर्च केला त्याचा हिशेब, कधीकधी सीएच्या सहीने. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. खोलीवाल्याकडून दर आठवड्याला पावती घ्यावी, निघताना एकदम मागितली तर तो कानावर हात ठेवतो. खानावळीचं कूपनबुक, रेल्वेचं तिकीट, एसटीचं तिकीट एका लिफाफ्यात. एसटीच्या तिकिटावरची शाई उन्हात उडते, त्याच संध्याकाळी फोटो काढून ठेवावा. तक्त्यातल्या एका बाबीचे पैसे दुसऱ्या बाबीवर वळवायचे असतील, समजा खोली स्वस्त मिळाली आणि उरलेल्या पैशात हेडफोन घ्यायचा आहे, तर आधी लेखी परवानगी. नंतर सांगितलं की ती रक्कम परत करावी लागते.

अहवाल दोन पानांचा पुरतो. कोर्सात काय शिकवलं याची जंत्री नको, ती संस्थेच्या माहितीपत्रकात असतेच. आधी काम कसं होत होतं आणि आता कसं होतं, ते लिहावं, दोन्ही आवाजांची लिंक द्यावी, आणि कोर्सनंतर दिलेलं पहिलं बिल जोडावं. त्या बिलात वर्णनाच्या रकान्यात नवी ओळ असेल: लोकेशन साउंड, तीन ट्रॅक, ४८ किलोहर्ट्झ, सप्ताह ७ दिवस, मिक्ससह. त्याची एक झेरॉक्स घरच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या शेजारी.